कोठाराची पाठचिकित्सा

वर्गात ‘केकावली’ शिकविताना आम्ही मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) यमकांविषयी, पृथ्वीवृत्ताविषयी बरेच बोलतो. ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयास होते, हे मात्र एका वाक्यात उरकतो. “आश्रित म्हणजे वाड्यात नेमका कोठे बसणारा?” असे एका विद्यार्थिनीने विचारले, तेव्हा आम्हांपाशी उत्तर नव्हते. कऱ्हेकाठी नाईकांचा वाडा आजही उभा आहे. अशा वास्तूही वाचाव्या लागतात, हे त्या दिवशी ध्यानात आले.

जुन्या वाड्याच्या वा गढीच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की दृष्टी जाते ती दरवाजाकडे, बुरुजाकडे, सदरेकडे. इंदापूरची गढी म्हणताच मालोजीराजे आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु वाडा केवळ धन्याचा नसतो. पागा, कोठार, गोठा, चाकरांच्या खोल्या यांवाचून तो एक दिवसही चालला नसता. या इमारती साध्या मातीकामाच्या, म्हणून आधी ढासळतात. मग त्यांचा ढिगारा उपसून जागा ‘मोकळी’ केली जाते, आणि वाड्याच्या इतिहासातून राबणारी माणसे नाहीशी होतात. म्हणूनच आमचे मत असे की, जीर्णोद्धाराचा आरंभ सदरेपासून नव्हे, कोठारापासून व्हावा.

तो कसा व्हावा, हे साहित्याच्या अभ्यासकांस नवे नाही. पोथीतील चरण गळाला असेल तर संपादक तेथे स्वतःचा चरण रचून घालीत नाही. जागा रिकामी ठेवतो व तसे नोंदवितो. वास्तूंविषयी १९६४च्या व्हेनिस सनदेनेही हेच सांगितले : जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नवी भर नवी म्हणून ओळखू यावी. सिमेंटचा गिलावा हा या अर्थी प्रक्षेपच, शिवाय घातक. मातीची भिंत जमिनीतील ओल शोषते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. सिमेंट ती ओल कोंडून ठेवते. क्षार साचतात आणि वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते.

पैसा कोठून आणावा, हा आक्षेप खरा आहे. पण छप्पर शाकारणे, पायाशी साचणारे पाणी वळविणे, भिंतींची मापे व छायाचित्रे घेऊन ठेवणे यांस फार पैसा लागत नाही. शेवटचे काम तर आपले विद्यार्थीही करू शकतील. हस्तलिखिताची नक्कल करून ठेवण्याइतकेच ते मोलाचे आहे. एखाद्या पावसाळ्यात मूळ प्रत वाहून गेली, तर हाती तेवढीच उरेल.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही. ते ज्या भिंतींत असू शकेल, त्या निदान उभ्या राहाव्यात.