ही खंयची सोलकढी?

गेल्या डिसेंबरात लेक आणि जावई नाशिकहून आंबोलीला आले. येताना सावंतवाडीच्या बाजारातून ताजी सुरमई घेऊन आले होते. दुपारी पानं मांडली. जावईबापूंनी पिशवीतून एक थंडगार बाटली काढली आणि पेल्यात काहीतरी गुलाबी ओतलं. सौ.ने ते पाहिलं आणि लेकीला विचारलं, "गे, ही खंयची सोलकढी?"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. आमच्या घरात बाटली येत नसे. माझा एक चुलतभाऊ दारूपायी चाळिशीच्या आत गेला, त्याच्या तेराव्यालाच मी हे ठरवलं होतं. पुढे चाळीस वर्षं शाळेतल्या मुलांनाही तेच सांगत आलो. जावईबापू ओशाळले, बाटली परत ठेवू लागले. कोण जाणे का, मी म्हटलं, "राहू दे. आधी सांगा, ही आली कुठली?"

ती नाशिकची 'रोझे' होती, म्हणजे गुलाबी वाईन. मला वाटलं होतं, तांबड्या आणि पांढऱ्या वाईनचं मिश्रण असेल. तसं नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही गर पांढुरकाच असतो, रंग असतो तो सालीत. तांबड्या वाईनसाठी रस सालीसकट कित्येक दिवस आंबवतात. गुलाबीसाठी साली काही तासच रसात ठेवतात आणि मग काढून घेतात. त्यामुळे रंग हलका येतो आणि सालीचा तुरटपणाही फारसा उतरत नाही. हाच तुरटपणा माशाशी भांडतो म्हणे. आपल्या कोकमाचंही असंच आहे. सगळा खेळ सालीचा!

मग माझ्यातला मास्तर जागा झाला. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, नाशिक ६०० च्या आसपास. दोन्ही सह्याद्रीच्याच आधाराची. मग द्राक्षं तिथे का आणि इथे का नाहीत? उत्तर पावसात आहे. आमच्याकडे वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आगेमागे पाऊस. नाशिक शहर घाटाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत, तिथे हजाराच्याही आत. फ्रान्समधला प्रोव्हान्स प्रांत गुलाबी वाईनसाठी प्रसिद्ध. तिथे हिवाळ्यात वेल झोपतो आणि उन्हाळा सरताना द्राक्षं काढतात. नाशिकचा वेल झोपतच नाही. म्हणून त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी. पीक मात्र एकदाच, जानेवारी ते मार्चमध्ये. दिवसा ऊन, रात्री गारवा, त्यामुळे गोडी येते आणि आंबटपणाही टिकतो. राजीव सामंत यांनी अमेरिकेतून परतून गंगापूर धरणाजवळ वेल लावले आणि २००० साली 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आणली. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चं. म्हणजे हा उद्योग तसा आमच्या नातवंडांच्या वयाचा.

अर्धा पेला मी घेतला. खोटं कशाला बोलू? तळलेल्या सुरमईबरोबर छान लागली. किंचित आंबट, थंड, तेलाचा तवंग जिभेवरून पुसून टाकणारी. पण तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्यापुढे तिचं काही चाललं नाही. तिथे सोलकढीच हवी.

आता मुद्द्याचं. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असं नेत्यांनी सांगितलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला आणि निर्णय बारगळला. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. वाईन ही दारूच आहे. तिच्यात अकरा-बारा टक्के अल्कोहोल असतं आणि दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. शेतकऱ्याचं भलं होतं म्हणून दारूचं सरबत होत नाही. नाव बदलून फसवणूक फक्त आपलीच होते.

पण सगळं पिणं सारखं, असं म्हणणंही खरं नाही. जुलैतल्या रविवारी आमच्या धबधब्यावर या. रिकाम्या पोटी, भर रस्त्यात, नरड्यात ओतणारी पोरं दिसतील. पावसाळा सरला की आम्ही मुलांना घेऊन तिथल्या काचा वेचायचो. माझा भाऊही असाच प्यायचा, एकट्याने, लपून, जेवणाआधी. आम्ही घरचे ते ठाऊक असूनही गप्प राहायचो. ते गप्प राहणं त्याला जास्त महाग पडलं, असं आता वाटतं.

त्या दुपारी मात्र पेला ताटाशेजारी होता, सासू-सासऱ्यांसमोर होता, एकाच्या पुढे गेला नाही आणि त्याच्याबद्दल सगळे मोकळेपणी बोलत होते. जी गोष्ट आईबापांसमोर ताटाशेजारी ठेवता येत नाही, ती धबधब्यावरही नको. माझा नियम आता एवढाच.

उरलेली बाटली जावईबापू परत घेऊन गेले. मला दुसरा पेला नको होता. सौ.ने तर पहिलाही घेतला नाही. म्हणाली, "माझी माका बरी."

असो. तिची सोलकढी होतीही फर्मास.