पाच हजारांत गाडीला टचस्क्रीन: स्वस्तात मस्त की विकतचं दुखणं?

"बेस मॉडेल घे, स्क्रीन बाहेरून बसवू." नवी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला एकदा तरी मिळतोच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि पहिली गाडी घेण्याचं गणित अनेक घरांत जुळायला लागलं. बजेट बेस मॉडेलपर्यंत पुरतं, पण डॅशबोर्डवर स्क्रीन हवीच असते.

मग गाडी जाते कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्याच्या नाना पेठेत. तासाभरात नऊ इंचांची स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, मॅप, यूट्यूब, सगळं हजर. ऑनलाइन तर अशी युनिट चार-पाच हजारांपासून मिळतात. ब्रँडेड युनिटला त्याच्या तिप्पट-चौपट पैसे जातात.

हे स्वस्त युनिट म्हणजे नक्की काय असतं? आणि वाचलेले पैसे पुढे कुठून वसूल होतात? सोप्या भाषेत समजून घेऊ.

हा स्टीरिओ आहे की टॅबलेट?

खरं तर टॅबलेटच. आत मोबाईलसारखा प्रोसेसर, रॅम, स्टोरेज आणि अँड्रॉइड. त्याला रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर आणि कॅमेऱ्याची जोडणी दिलेली असते.

इथे एक गल्लत होते. 'अँड्रॉइड स्टीरिओ' आणि 'अँड्रॉइड ऑटो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड ऑटोमध्ये सगळं काम तुमचा फोन करतो, स्क्रीन फक्त दाखवते. फोन अपडेट झाला की सगळं अपडेट. अँड्रॉइड स्टीरिओत मात्र कॉम्प्युटरच डॅशबोर्डमध्ये बसलेला असतो. त्याला पुढे सॉफ्टवेअर अपडेट मिळेल का, हे बनवणाऱ्यावर अवलंबून. आणि बनवणाऱ्याचं नाव बऱ्याचदा बॉक्सवरही नसतं.

बॉक्सवर लिहिलेलं सगळं खरं असेलच असंही नाही. सिस्टिममधली एक ओळ बदलून जुनं अँड्रॉइड नवं म्हणून दाखवता येतं, रॅमचा आकडाही फुगवता येतो. दुकानातच सीपीयू-झेडसारखं अ‍ॅप टाकून प्रोसेसर आणि रॅम तपासा. मॅप आणि गाणी एकत्र चालवायची असतील तर २ जीबी रॅम लवकरच अपुरी पडते.

मग स्वतःच बनवला तर?

हौशी लोक तेही करतात. रास्पबेरी पाय नावाचा हाताच्या पंजाएवढा कॉम्प्युटर २०१२ मध्ये ३५ डॉलरला बाजारात आला आणि २०१५ मध्ये त्याची ७ इंची टचस्क्रीन आली. तेव्हापासून जगभरात लोकांनी तो गाडीत बसवून पाहिलाय.

अडचण विजेची आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, या कॉम्प्युटरला लागतात ५ व्होल्ट. स्टार्टर मारला की व्होल्टेज क्षणभर खाली येतं, चावी काढली की वीज एकदम जाते. कॉम्प्युटरला नीट बंद व्हायला वेळच मिळत नाही आणि मेमरी कार्ड खराब होतं. म्हणून चावी काढल्यावरही थोडा वेळ वीज देणारं सर्किट लागतं. शिकायला हा प्रोजेक्ट भारी आहे, पण खर्च मोजला तर स्वस्त पडत नाही.

बॅटरी का उतरते?

स्टीरिओला साधारण तीन मुख्य वायर असतात. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीसोबत चालू-बंद होणारी आणि काळी अर्थची. युनिट झटकन सुरू व्हावं म्हणून पिवळ्या वायरवर ते 'झोपलेलं' राहतं. झोपेत ते किती वीज खातं, हा खरा मुद्दा.

समजा ते २०० मिलीअ‍ॅम्पिअर खातंय. दिवसाला होतात ४.८ अ‍ॅम्पिअर-अवर. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी बहुतेकदा ३५ अ‍ॅम्पिअर-अवरची असते. म्हणजे चार दिवसांत निम्मी बॅटरी साफ. गणपतीला आठवडाभर गाडी उभी ठेवून गावी गेलात, तर आल्यावर धक्का मारायची तयारी ठेवा.

दुसरा धोका वायर कापण्याचा. गाडीच्या मूळ वायरिंगला चिकटपट्टी लावून केलेला जोड गरम होऊ शकतो. शिवाय इलेक्ट्रिकल बिघाड झाल्यावर कंपनी त्याच कापलेल्या वायरकडे बोट दाखवून वॉरंटी नाकारू शकते. प्रत्येक मॉडेलसाठी तयार कपलर मिळतात. ते लावा, वायर कापू देऊ नका.

एफबीआयचा यात काय संबंध?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' नावाच्या जाळ्याबद्दल इशारा दिला. काही स्वस्त उपकरणांमध्ये विकण्याआधीच किंवा पहिल्यांदा सुरू करताना मालवेअर घुसवलं जातं, असं त्यात म्हटलं होतं. यादीत टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम होते आणि गाडीत बाहेरून बसवायच्या इन्फोटेनमेंट सिस्टिमही होत्या. पुढच्याच महिन्यात गुगलने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा दाखल केला. गुगलच्या म्हणण्यानुसार बाधित उपकरणं १ कोटीहून जास्त होती.

अशी उपकरणं गुन्हेगारांना आडोसा म्हणून वापरता येतात. उद्योग त्यांचे, इंटरनेट कनेक्शन तुमचं. गाडीतली स्क्रीन तर तुमच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर चालते.

याचा अर्थ प्रत्येक स्वस्त स्टीरिओत मालवेअर आहे असा नाही. पण एक तपासणी फुकट आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडा आणि प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र आहे का बघा. नसेल, तर त्या स्क्रीनवर तुमचं मुख्य गुगल खातं, यूपीआय किंवा बँकेचं अ‍ॅप टाकू नका.

आणि सगळ्यात मोठा धोका?

तो तुमच्या नजरेचा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी २ सेकंदांत सुमारे ४४ मीटर जाते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते सुरक्षा संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एका वेळी नजर हटण्याची मर्यादा २ सेकंदच ठेवली होती.

२०२२ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने ११ नव्या गाड्या आणि २००५ ची बटणांची एक जुनी व्होल्वो यांची चाचणी घेतली. ताशी ११० च्या वेगात एसी, रेडिओसारखी चार साधी कामं करायची होती. व्होल्वोत १० सेकंद लागले, सर्वात मागे पडलेल्या टचस्क्रीन गाडीत जवळपास ४५. आता युरो एनकॅपनेही २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांना खरी बटणं हवीत असा नियम केलाय.

आपल्याकडे उलटं होतं. स्क्रीनला हँडब्रेकची एक वायर असते, ब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ चालावा म्हणून. फिटर ती वायर सरळ अर्थला जोडतो. "चालू गाडीतपण पिक्चर दिसंल, दादा," हे तो सोय म्हणून सांगतो. त्याला ठाम नाही म्हणा. धोकादायक ड्रायव्हिंगसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार पहिल्या गुन्ह्यालाही १ ते ५ हजार रुपये दंड, ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

स्क्रीन बसवणं बेकायदेशीर आहे का?

नाही. कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या गोष्टींशी विसंगत बदल करायला मनाई करतं. स्टीरिओची नोंद आरसीवर नसते. पण विमा कंपनीला जरूर कळवा. बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत नोंदवावी लागते, त्यासाठी जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे तिच्या किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम लागतो. १० हजारांच्या युनिटला ४०० रुपये. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातात त्याचा दावा मिळत नाही.

मग करायचं काय?

फक्त मॅप बघायचा असेल तर चांगला मोबाईल होल्डर पुरतो. तो नजरेच्या रेषेत लावा, रस्ता गाडी सुरू करण्याआधीच सेट करा. स्क्रीन हवीच असेल तर अँड्रॉइड ऑटो चालणारं, आवाजासाठी गोल बटण असलेलं, बिल आणि वॉरंटी मिळणारं युनिट घ्या.

आणि पैसे मोजण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. कपलर लावणार की वायर कापणार? बंद असताना हे किती करंट खातं? हँडब्रेकची वायर कुठे जोडणार? उत्तरं देताना तो टाळाटाळ करायला लागला, तर दुसरं दुकान गाठा.