घरचे तळे, परगावची नाव

दिवाळीचे फटाके उडून गेले, फराळाचे डबे निम्म्यावर आले, की आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : यंदा कुठे जायचे? उत्तराचा साचाही ठरलेला असतो. डोंगर हवा, थंडी हवी, गाव जुने हवे आणि गावाशी एखादे तळे हवे. मग कुणी महाबळेश्वर म्हणतो, कुणी सुमारे दीड हजार किलोमीटरवरचे नैनिताल म्हणतो. तिथे जाऊन आपण तास-दीड तास रांगेत उभे राहतो, पंधरा मिनिटे नावेत बसतो, कणीस खातो, फोटो काढतो आणि ‘काय ते तळे!’ म्हणत परत येतो.

माझी तक्रार प्रवासाशी नाही. माणसाने जरूर हिंडावे. तक्रार आहे ती घराच्या उंबऱ्याशी असलेले तळे न पाहण्याच्या आपल्या हट्टाशी. डोंगरावरचे, जुन्या तटाचे, तळ्याकाठचे गाव आपल्यापासून अवघ्या 25 किलोमीटरवर आहे. त्याचे नाव खुलताबाद. आपण तिथे गेलेलो नाही असे नाही. वेरूळला जाताना त्या गावातून आपली मोटार शंभरदा गेली असेल. पण जाणे वेगळे आणि पाहणे वेगळे.

दौलताबादचा घाट चढून वर आले की हवा बदलते. पावसाळा नुकताच सरलेला असतो, उतार अजून हिरवे असतात, सडकेच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. गावापलीकडे सुलीभंजनच्या वाटेवर ‘परियों का तालाब’ आहे. पऱ्यांचे तळे! असे नाव एखाद्या परदेशी तळ्याला असते, तर आपण ते मुलांच्या वहीत चिकटवले असते. त्या तळ्याजवळ गंज रवाँ गंज बख्श यांचा दर्गा आहे. वर सुलीभंजनला दत्ताचे देऊळ आहे. देवगडावर जनार्दनस्वामींपाशी शिकणाऱ्या एकनाथांनी याच डोंगरावर तप केले, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. पुढे ज्या नाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, त्यांच्या ध्यानाची जागा आणि एका सूफीची कबर ही एकाच परिसरात असावीत, हा नुसता योगायोग म्हणून सोडून द्यायचा काय?

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : ‘अहो, तिथे पाहण्यासारखे आहे काय? ना नावा, ना बागा, ना धड हॉटेल!’ या आक्षेपकर्त्यांना मी एवढेच सांगेन की महाबळेश्वरचा वेण्णा तलावही काही देवाने आयता दिलेला नाही. साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेबांनी तो 1842 साली बांधवून घेतला. तळे मोठे होते ते पाहणाऱ्यांच्या कौतुकाने आणि राखणाऱ्यांच्या काळजीने. आपण कौतुक सगळे परगावी खर्च करावयाचे, घरच्या तळ्याच्या काठी मात्र कागदी पत्रावळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकून यावयाचे, आणि वर म्हणावयाचे की इथे पाहण्यासारखे काही नाही! हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. ‘तिथे औरंगजेबाचे थडगे आहे. त्या गावात आमचे काय काम?’ हा राग मी समजू शकतो. 1689 साली संभाजीराजांचे जे हाल झाले, ते आठवून ज्या मराठी माणसाचे रक्त तापत नाही, त्याची मला कीव येईल. पण रागाने डोळे उघडावेत, मिटू नयेत. 2025 च्या मार्चमध्ये या थडग्यावरून महाराष्ट्रात रण माजले, नागपुरात दंगल झाली, खुलताबादेत पोलिसांचा पहारा वाढला आणि पाहुणा बिचकला. त्या साऱ्या गदारोळात गावाचे नाव लाख वेळा घेतले गेले. गावाच्या तळ्याचे, पाण्याचे, माणसांचे नाव कुणी घेतल्याचे मला आठवत नाही. एका थडग्याने अख्खे गाव गिळून टाकले!

आणि ते थडगे तरी आपल्याला काय सांगते? उत्तरेचा बादशहा 1681 साली दक्षिण जिंकावयास निघाला, तो पंचवीस वर्षे इथेच झगडत राहिला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. 1707 साली अहमदनगरला त्याने प्राण सोडला आणि इथल्या झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात तो उघड्या मातीखाली निजला. भोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली, लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून निजामाने बसवलेली. महाराष्ट्राने एका बादशहाला कसे थकवले, याचा यापेक्षा बोलका पुरावा दुसरा कुठे सापडणार? तो पुरावा पुसून टाका म्हणणाऱ्यांना आपल्याच पूर्वजांचा पराक्रम कळलेला नाही, असे मी स्पष्ट म्हणतो. आणि टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांची वाटाड्याने सांगितलेली गोष्ट ऐकून गहिवरणारे, पाच मिनिटांत मोटारीत बसणारे, तेही काही फारसे शहाणे नव्हेत. दोघांनीही एकच कबर पाहिली. गाव दोघांनीही पाहिले नाही.

पाहिले असते तर त्यांना मलिक अंबरचा घुमट दिसला असता. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. औरंगजेबाचा आजा जहांगीर त्याच्यावर इतका चिडलेला होता, की अंबरच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधी लागले नाही. अंबर 1626 साली स्वाभाविक मरणाने गेला. त्याच अंबरच्या बाजूने 1624 साली भातवडीच्या रणात शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथे कामी आले. शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले यांचे वेरूळ तर या डोंगराच्या पायथ्याशीच आहे. पायथ्याला भोसल्यांचे गाव, माथ्यावर मोगलांना हैराण करणारा अंबर आणि त्याच माथ्यावर शेवटी मातीला मिळालेला मोगल! इतिहासाचा एवढा मोठा धडा एवढ्या थोड्या जागेत मांडलेला असताना, आपण मुलांना मोटारीच्या काचेतून ‘ते बघ खुलताबाद’ एवढेच दाखवतो.

पण मला अंबरची आठवण तलवारीसाठी करावयाची नाही, पाण्यासाठी करावयाची आहे. आपले शहर 1610 साली खडकी या नावाने त्यानेच वसवले. खडकाळ जागेत माणसे वसवायची तर आधी पाणी हवे, हे त्याला कळत होते. त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणले, तीच नहर-ए-अंबरी. ना इंजिन, ना वीज. उताराचे गणित बरोबर मांडले, की पाणी आपल्या पायांनी चालत येते. पुढे तिच्या जोडीला आणखी नहरी झाल्या आणि पाणचक्की तर अशाच पाण्यावर पीठ दळू लागली. हे सारे आपण विसरलो. ज्या शहराला चारशे वर्षांपूर्वी पाण्याची विद्या अवगत होती, त्या शहराने गेल्या काही वर्षांत नळाला पाणी येण्याची आठवडा आठवडा वाट पाहिली. पैठणहून, जायकवाडीहून, पाणी चढावर ओढून आणायचे आणि डोंगरातून उतरणारे पाणी वाहून जाऊ द्यायचे, असा आपला उफराटा व्यवहार.

म्हणून तळ्याकाठच्या गावाला जाणे ही नुसती करमणूक नव्हे, असे माझे म्हणणे आहे. डोंगरावरचे तळे हा काही आरसा नव्हे की त्यात आपले तोंड पाहून परत फिरावे. पावसाचे पाणी उतारावरून कसे येते, बांधापाशी कसे थांबते, खालच्या विहिरींना कसे झिरपते, हे सारे तिथे डोळ्यांदेखत दिसते. शाळेतल्या मास्तरांनी मुलांना तळ्याच्या बांधावर उभे करून ‘हे पाणी आले कुठून?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. पुस्तकातली चार प्रकरणे वाचतील.

तिसरा आक्षेप वेळेचा. ‘एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर आणि जमले तर म्हैसमाळ!’ ही सहल नव्हे, ही टपालाची बटवडा. घृष्णेश्वरापाशी अहिल्याबाईंचे नाव सांगणारे शिवालय तीर्थ आहे; त्या कुंडाच्या पायऱ्या उतरावयासही आपल्याला सवड नसते. उलट आपल्याच शहरातली साधी माणसे पाहा. श्रावणातल्या शनिवारी ती रात्रीच्या रात्री पायी निघतात आणि पहाटे खुलताबादच्या निद्रिस्त भद्रा मारुतीचे दर्शन घेतात. चालून आल्यामुळे वाटेतला चढ, वाऱ्याचा थंडावा आणि उजाडतानाचे गाव त्यांना ठाऊक असते. त्यांच्यापाशी कॅमेरा नसेल, पण खरे प्रवासी तेच.

तेव्हा वाचकहो, या सुटीत एक दिवस, पुरता एक दिवस, खुलताबादला द्या. मोटार वेशीबाहेर ठेवा आणि पायी फिरा. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात जा. ज्यांच्या नावाने दूर तापीकाठी बुऱ्हाणपूर वसले, ते संत इथे निजले आहेत. त्याच आवारात हैदराबादच्या निजामांचा मूळ पुरुष आसफजहाही आहे. अंबरच्या घुमटाखाली दोन मिनिटे उभे राहा. बनी बेगमच्या बागेतले जुने हौद मुलांना दाखवा. गावातल्या दुकानात चहा घ्या आणि चहा देणाऱ्याला तळ्याची वाट विचारा. वाट विचारल्याने ओळख होते आणि ओळख झालेल्या माणसांबद्दल वाटेल ते ऐकून घेणे मग जड जाते. शेवटी तळ्याकाठी बसून घरचा उरलेला चिवडा खा, आणि खाल्ल्यावर कागद पिशवीत घालून घरी घेऊन या.