हालचालीचे मोजमाप की आठवणीचे?

भारतातील ४९.४ टक्के प्रौढ २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते, असा निष्कर्ष जून २०२४ मध्ये 'द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. आकडे चिंताजनक आहेतच. पण ते आले कोठून? १६३ देशांतील ५०७ पाहण्यांत लोकांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांतून.

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत काम, प्रवास आणि फावल्या वेळातील हालचाल यांविषयी १६ प्रश्न आहेत. आठवड्यातून किती दिवस, दिवसाला किती वेळ, असे त्यांचे स्वरूप. रोज सकाळी फिरायला जाणारा गृहस्थ मिनिटे चटकन सांगतो. पाणी भरणे, धुणीभांडी, शेतातील खुरपणी अशी दिवसभर तुकड्यातुकड्याने राबणारी गृहिणी बेरीज कशी करणार? घरकामही प्रश्नावलीच्या व्याख्येत बसते. मात्र पाहणी करणाऱ्याने ते नीट समजावले नाही, तर 'मी कुठला व्यायाम करते?' एवढेच उत्तर मिळण्याची शक्यता असते.

चूक उलट दिशेनेही होते. अमेरिकेत २००३-०४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत लोकांच्या कमरेला हालचालमापक यंत्रे बांधली गेली, तेव्हा शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ पाच टक्क्यांहूनही कमी आढळले. तोंडी उत्तरांतील प्रमाण याच्या कितीतरी पट होते. अर्थात यंत्रही निर्दोष नाही. डोक्यावरच्या ओझ्याचे वा सायकलवरच्या श्रमाचे मोल त्याला पुरते कळत नाही.

महाराष्ट्रासह चार प्रदेशांत झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसीएमआर-इंडियाब' अभ्यासात ५४.४ टक्के लोक निष्क्रिय आढळले होते. हा आकडा २०२२ च्या आकड्याशेजारी ठेवला, तर भारतीय अधिक हालचाल करू लागले असे वाटेल. लॅन्सेटमधील अभ्यास मात्र २००० मधील २२.३ टक्क्यांवरून निष्क्रियता दुपटीहून अधिक वाढल्याचे सांगतो. निकष व नमुना वेगळा असलेल्या आकड्यांची थेट तुलना अशी फसवी ठरते.

म्हणून प्रश्नावली मोडीत काढावी असे नाही. ती स्वस्त आहे, आणि माणूस कामासाठी हलतो की हौसेसाठी, हे यंत्र सांगत नाही, ती सांगते. मोठ्या पाहणीतील काही जणांना यंत्र बांधून उत्तरे पडताळणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. अन्यथा श्रमांनी थकलेल्या बाईला 'चाला, फिरा' असा उपदेश करणारी धोरणे आखली जातील आणि खऱ्या गरजा दुर्लक्षितच राहतील.