फुलपाखरांचा संग्रह

मनुष्याला संग्रहाची हौस उपजतच असते. लहान मूल गुंजा, शिंपले, रंगीत खडे गोळा करते. तेच मोठेपणी जुनी नाणी, टपालाची तिकिटे, दुर्मिळ ग्रंथ जमवू लागते. या हौसेत वावगे असे काहीच नाही. संग्रहामुळे दृष्टी सूक्ष्म होते, वस्तूवस्तूंमधील साम्य व भेद ध्यानात येतात आणि चिकाटी अंगी बाणते. परंतु ज्याचा संग्रह करावयाचा ते सजीव असेल, तर हौसेला विवेकाची जोड द्यावी लागते. फुलपाखरांचा संग्रह हा असाच एक नाजूक विषय आहे.

जगभरच्या संग्राहकांना मोठा मोह पडत आला आहे तो दक्षिण अमेरिकेतील पुच्छधारी फुलपाखरांचा. या कुळातील पुष्कळ फुलपाखरांच्या मागील पंखांना पाकोळीच्या शेपटीसारखी लांब टोके असतात. १८४८ साली हेन्री बेट्स आणि आल्फ्रेड वॉलेस हे दोन तरुण इंग्रज अ‍ॅमेझॉन नदीकाठच्या अरण्यांत दाखल झाले. तेथील प्राण्यांचे नमुने स्वदेशी पाठवून विकावयाचे आणि त्या पैशांतून आपला खर्च भागवावयाचा, असा त्यांचा बेत होता. वॉलेस १८५२ साली परत निघाला, तेव्हा भर समुद्रात जहाजाला आग लागून त्याचा बहुमोल संग्रह भस्मसात झाला. बेट्स मात्र अकरा वर्षे तेथेच राहिला. त्याने चौदा हजारांहून अधिक जातींचे प्राणी जमविले. त्यांत बहुतेक कीटकच होते आणि सुमारे आठ हजार जाती शास्त्राला सर्वस्वी नव्या होत्या.

ते नमुने शेजारी शेजारी मांडून पाहताना बेट्सला एक नवल उमगले. पक्ष्यांना बेचव लागणाऱ्या फुलपाखरांचा वेष काही चविष्ट फुलपाखरांनी हुबेहूब उचलला होता. पक्षी फसतात आणि वेषधारी वाचतात. हा शोध त्याने १८६२ साली प्रसिद्ध केला. पुढे १८६५ साली वॉलेसने आशियातील पुच्छधारी फुलपाखरांच्या कुळातही हीच किमया दाखवून दिली. तेव्हा संग्रह हा मुळातच निंद्य, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १८८३ पासून जपलेले संग्रह आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहेत.

परंतु ज्ञानासाठी केलेला संग्रह वेगळा आणि भिंतीवरच्या शोभेसाठी केलेला संग्रह वेगळा. शास्त्रज्ञ फुलपाखराला प्रश्न विचारतो. शौकिनाला ते केवळ आपले म्हणवून घ्यावयाचे असते. त्यातून ते दुर्मिळ असेल, तर त्याचा मोह अधिकच वाढतो. जात विरळ होऊ लागली की किंमत चढते, किंमत चढली की शोध घेणारे वाढतात आणि जात आणखी विरळ होते. जाळ्यात सापडलेल्या मादीने अद्याप अंडी घातली नसतील, तर तिच्याबरोबर पुढची पिढीही टाचणीला टोचली जाते.

तथापि, जाळ्याहूनही मोठा शत्रू दुसराच आहे. ब्राझील देशात रिओ दि जानेरोच्या किनारपट्टीवरील दलदलीत काळ्या पंखांवर पांढरा पट्टा आणि गुलाबी छटा असलेले एक पुच्छधारी फुलपाखरू राहते. १९७३ साली त्या देशाने धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव घातले. त्या यादीत आलेला तो पहिलाच कीटक होय. दलदली बुजवून घरे व रस्ते झाले, आणि ज्या वेलीवर त्याच्या अळ्या पोसतात ती वेलही नाहीशी होऊ लागली. काचेच्या पेटीत फुलपाखराचे पंख टिकतात. त्याचे घर टिकत नाही.

ती वेल आपल्या ईश्वरीच्या, म्हणजे सापसंदाच्या, जातकुळीतील आहे, हे पनवेलच्या मुलांनी लक्षात ठेवावे. कोकणातही ईश्वरीवर वाढणारी काळी-तांबडी फुलपाखरे आहेत. वेलीतील विषारी अंशामुळे पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत, आणि लिंबावर वाढणाऱ्या दुसऱ्या एका काळ्या फुलपाखराच्या काही माद्या त्यांचाच वेष घेतात. बेट्सने अ‍ॅमेझॉनच्या काठी ओळखलेले नाटक आपल्या परसदारीही चालू असते. पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्याभोवतीचे रान १९६८ पासून अभयारण्य आहे. काळ्या पंखांवर निळाईची पखरण असलेले नीलवंत फुलपाखरूही याच कुळातले, जरी त्याला शेपटी नसते. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्याचे फुलपाखरू म्हणून मान दिला. असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य.

मान दिला, पण जागा दिली काय? पनवेलची महानगरपालिका २०१६ साली झाली, २०२५ साली जवळच विमानतळाचे उद्घाटन झाले. नगर वाढावयाचेच. मात्र वाढत्या नगरात रानवेलींना कुंपणाचा एखादा कोपरा उरला नाही, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जाळे अडविले तरी फुलपाखरू वाचणार नाही.

म्हणून आजच्या मुलांनी संग्रह अवश्य करावा, पण तो निराळ्या रीतीने. अंगणात लिंबाचे किंवा कढीलिंबाचे झाड लावावे. त्याच्या पानावर मोत्यासारखे अंडे दिसेल. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दुभागलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. मग ती रेशमी धाग्याने स्वतःला फांदीशी बांधून कोष करते, आणि अंड्यापासून सुमारे महिनाभरात फुलपाखरू पंख सुकवीत बसते. त्याची तारीख, झाड, पाऊस-ऊन, फुलपाखरांची संख्या हे सारे वहीत टिपावे. अशी वही दहा वर्षे चालली, तर कोणते फुलपाखरू उशिरा येऊ लागले, कोणते येईनासे झाले, हे तिच्यावरून कळेल. टाचणीला टोचलेले पंख एका दिवसाची साक्ष देतात. ही वही गावाची साक्ष देईल. असा संग्रह ज्याच्यापाशी आहे, त्याला अ‍ॅमेझॉनच्या फुलपाखराचा हेवा करण्याचे कारण नाही.