वारसा नव्हे, प्रकार

संगणकाच्या आज्ञावलीतील ‘इनहेरिटन्स’ समजावताना पित्याची मालमत्ता पुत्रास मिळते, हा दाखला सर्रास दिला जातो. मला तो सदोष वाटतो. मालमत्ता वाटली की संबंध सरला, येथे मूळ वर्गात (वर्ग म्हणजे वस्तूंच्या प्रकाराचा आराखडा, शाळेतील खोली नव्हे!) आज केलेला पालट सर्व उपवर्गांत उतरतो. ही योजना नॉर्वेच्या डाल व निगार्ड यांनी १९६७ साली ‘सिम्युला’ भाषेत आणली.

बुऱ्हाणपूरच्या मुलांना मागाचा दाखला द्यावा. हातमाग व यंत्रमाग दोन्ही मागच. विणण्याची रीत त्यांस ‘माग’ वर्गाकडून आयती मिळते, चालना मात्र एकास हातापायांची, दुसऱ्यास विजेची. धोटा मागात असतो. तो माग नव्हे. त्यास मागाचा उपवर्ग केल्यास आज्ञावली आज चालेलही. पण उद्या मागास नवे काम जोडले, की ते बिचाऱ्या धोट्याच्याही गळ्यात पडते.