फितीची किंमत

पेढीवर बसणाऱ्यास हा हिशेब लगेच उमगेल. कोरी चित्रफीत महाग. तिच्यावर मुद्रित झालेल्या प्रश्नमंजूषेचे मूल्य मात्र वहीत शून्य. मग फीत पुसून पुन्हा वापरण्यातच काटकसर दिसली. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर १९६४ ते १९७५ या काळात ‘जेपर्डी’चे अडीच हजारांहून अधिक भाग झाले, त्यांतील फारच थोडे उरले. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. आपल्या दूरदर्शनच्याही कित्येक जुन्या फितींची हीच गत झाली. जमाखर्च चोख राहिला, माल तेवढा गेला!

म्हणून घरी टिपून ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटींना आता मोल आहे. आपल्या पालीच्या पावसाळी हवेत त्यांना बुरशी लवकर धरते. पांढुरके डाग दिसल्यास कॅसेट यंत्रात घालू नये. फीत तुटते आणि बुरशी यंत्रातून दुसऱ्या कॅसेटींना लागते. जाणकाराकडून ती स्वच्छ करवून संगणकीय प्रत काढावी, एक प्रत परगावच्या नातलगांकडे ठेवावी. वेष्टनावर नुसते ‘लग्न’ लिहिलेले असले तरी कॅसेट शेवटपर्यंत पाहावी. उरलेल्या फितीवर काकांनी एखादी प्रश्नमंजूषाही टिपलेली असू शकते.